अकरा नंबरची टोपी

सन २००४. मी बासष्ट वर्षांचा होतो. माझ्या दाढा सगळ्या शाबूत होत्या, आणि आंबागडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात बंदूक एकट्या माझ्याच घरी होती.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. चौथीतही अर्ध्यातून मास्तरच्या अंगावर पाटी फेकून निघालो तो परत गेलोच नाही. तेव्हा माझ्या लिहिण्यात कोणाला खोट दिसली तर त्यानं पुस्तक खाली ठेवावं. मी कोणाच्या पाया पडून वाचा म्हणत नाही.

बंदूक म्हणजे भरमार. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी घालायची, गजानं ठासायचं. मागच्या अंगाला, घोडा जिथं येऊन आपटतो तिथं, एक लहानसं पोकळ बोंड असतं. त्याला निपल म्हणतात. त्या निपलवर तांब्याची टोपी बसवायची. टोपी तुरीच्या दाण्याएवढी, आत मसाला. घोडा पडला की टोपी फुटते, ठिणगी निपलच्या छिद्रातून नळीत जाते आणि बार निघतो. एवढीच विद्या. टोपी नीट बसली तर ती बंदूक, नाही तर लोखंडाची काठी.

परवाना पिकाच्या राखणीचा होता. डुकरं मारायची नाहीत, हवेत बार काढून पळवायची. धान निसवला की संध्याकाळी जंगलातून डुकरांचे कळप उतरत आणि एका बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, दुसऱ्या बांधीत असे फिरत की मागं नुसता चिखल राही. तेव्हा गावाला आमची आठवण होई. माझ्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि त्याच्यानंतर काही वर्षांनी हा परवाना मिळवला. ज्यांनी माझ्या बापाला आपल्या विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता, त्यांची म्हातारी माणसं आमच्या आंगणात येऊन उभी राहत आणि म्हणत, "आज आमच्याकडं एक बार काढा जी." बाप त्यांना मुद्दाम उभं ठेवायचा. जेवण सावकाश उरकायचा, हात धुवायचा, मग खुंटीवरची बंदूक काढायचा. हे मी तरणेपणी पाहिलं आणि बापामागं तसंच केलं. बंदूक घरातून गेली असती तर माझ्या आंगणात कोण आलं असतं?

टोप्या बापानं जन्मभर गोंद्याच्या, म्हणजे गोंदिया शहरातल्या, दुकानातून आणल्या, मीही तिथूनच आणल्या. अकरा नंबर. टोप्यांना नंबर असतात, दहा नंबर लहान, अकरा मोठी. फरक म्हणाल तर केसाएवढा. पण आमचा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला. माझ्या परवान्यावर भंडारा जिल्हा लिहिलेला. गोंद्याचा दुकानदार दोन-तीन वर्षं देत राहिला, मग म्हणाला, आता तुम्ही परजिल्ह्याचे, तुमच्या जिल्ह्यातून घ्या. म्हणून मी भंडाऱ्याच्या दुकानात गेलो.

तिथला माणूस भला होता, हे आज कबूल करतो. त्यानं दोन डब्या समोर ठेवल्या. "बाबाजी, नंबर एकच असला तरी हर कंपनीचं माप थोडं वेगळं असते. तुमची बंदूक जुनी, निपल घासलं असन. कोणती गच्च बसते ते पाहून घेतलेलं बरं. पुढच्या खेपेले बंदूक घेऊन या, आज दहाची डबी नेऊन पाहा."

मी म्हटलं, "माह्या बापानं अकराच वापरली."

"बापाच्या टायमाले निपल नवं होतं जी."

"तू माह्या बापापेक्षा शाना हायेस का?"

दुकानात एक दुनळीवाला शेतकरी बसला होता. तो हसून म्हणाला, "देऊन टाका हो अकरा. डोस्क्यावर घालतीन."

मी अकराची डबी उचलली, वहीत सही केली आणि निघालो. दहाच्या डबीला हातही लावला नाही. खरं तर मला तिथंच कळलं होतं की तो बरोबर बोलून राहिला आहे. पण चार माणसांत कोणी माझ्यापेक्षा जास्त जाणतो असं दिसलं की माझ्या अंगात काहीतरी आडवं होतं. ते आजही होतं.

टोपी ढिलीच निघाली. निपलवर ठेवली की फिरायची. नळी खाली केली की गळून पडायची. त्या हंगामात तीन वेळा माझा बार गेला नाही. तिसऱ्यांदा मी एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेताच्या कडेला, धुऱ्यावर, उभा होतो, डुकरं पन्नास पावलांवर, आणि घोडा पडला तर नुसतं टक झालं. बाजूच्या बांधीत बायका धान कापून आवराआवर करत होत्या. त्यातली एक ओरडली, "तोंडानंच ठो म्हणा जी आजोबा, डुक्कर पळते!" मग सगळ्याच ठो ठो करू लागल्या. डुकरं त्यांच्याच ठो ठोनं पळाली. दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्यानं निघालो की कुठून तरी ठो ऐकू यायचं.

मी उपाय काढला. टोपी दाढेखाली धरून हलकीच चेपायची, म्हणजे तिचं तोंड लांबट होऊन निपलला धरून बसते. बार निघू लागला. सगळेच नाही, तीनातला एक. पण चेपलेली टोपी फुटताना चिरते. आणि माझ्या घोड्याच्या मुखाची उजवीकडची कोर कधीची उडालेली होती. नीट घोडा टोपीला चहूबाजूंनी झाकून घेतो. माझ्या घोड्याला उजवीकडं खिंडार होतं. दोनदा तांब्याचा कण त्या खिंडारातून उडाला. एकदा तो बाजूला उभ्या बैलाच्या मानेत रुतला आणि बैल उधळला. दुसऱ्यांदा कुडाच्या मातीत बोटभर आत गेला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मला माहीत होतं.

त्याच वर्षी परवाना नवा करायचा होता. त्याला पोलिस पाटलाचा दाखला लागे. पोलिस पाटील माझ्या मुलाच्या वयाचा, मोठ्या घरचा. तो खर्रा चघळत म्हणाला, "काका, गावात बोलून राहिले का तुमच्या बंदुकीचा बारच निघत नाही. मले डोळ्यानं पाहावं लागन. निघाला त लिहून देतो, चालू हाय म्हणून. नाही निघाला त तसं लिहीन. मंग ठाण्यात जमा करा."

"कधी पाहतेस?"

"मंडईच्या दुसऱ्या दिवशी. खळ्यावर. तीन टोप्या देतो तुमाले."

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात. माझा साळाही आला. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशी ओलांडलेला, तुमसरला लेथच्या दुकानात कारागीर. त्यांची आई लवकर गेली, म्हणून माझ्या बायकोनं त्याला कडेवर वाढवला होता. आमचं लग्न झालं तेव्हा तो तिच्या लुगड्याचा पदर धरून माझ्या घरापर्यंत आला होता. बाकी लोक खिशाला पेन लावतात, हा माप घ्यायचं कॅलिपर लावायचा.

त्यानं न विचारता खुंटीवरची बंदूक काढली. निपलवर कॅलिपर लावलं, मग टोपीवर लावलं, मग घोडा उचलून आत पाहिलं. मी जेवत होतो. त्याचंही ताट वाढलेलं होतं.

"भाऊजी, अकरा नंबर ह्याच्यावर नाचते. दहा गच्च बसन."

मी भात कालवत राहिलो.

"नाही त आठ दिवस माह्याजवळ द्या. तुमच्याच टोपीच्या मापाचं निपल लेथवर खरादून देतो. आणि हे पाहा, घोड्याची कोर गेली. टोपी फुटली का तुकडा इकून, उजव्या अंगानं येते. तुमी दातानं चेपून राहिले का? निशाण दिसते. नका चेपू. डोळा जाईन कोणाचा."

बायको म्हणाली, "ऐकून घ्या ना वो. तो लोखंडातला माणूस हाय."

मी उठलो. त्याचं ताट ओढून घेतलं आणि कुत्र्यापुढं ठेवलं. म्हटलं, "ज्याच्या घरचं खाते त्याच्याच बंदुकीची खोड काढते." मग त्याच्या हातातलं कॅलिपर घेऊन गोठ्याच्या शेणात फेकलं. तो गेला, शेणात हात घालून ते शोधलं, बादलीत धुतलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि खिशाला लावलं. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर माझा राग तिथंच उतरला असता. तो बोलला नाही म्हणून तो राग रात्रभर माझ्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर पन्नास तरी माणसं जमली. मंडईचे पाहुणे होतेच, त्यांना आयता तमाशा. पोलिस पाटील प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. ठो ठो करणाऱ्या बायकाही आल्या होत्या. मी धुतलेला सदरा घातला होता. सगळ्यांसमोर दारू भरली, चिंधी घातली, गज मारला. साळा गर्दीत मागं उभा होता.

पहिली टोपी मी न चेपताच बसवली. हट्ट म्हणा. नळी आभाळाकडं केली, घोडा ओढला. टक.

"एक," पोलिस पाटील म्हणाला आणि थुंकला.

दुसरी टोपी मी हलकी चेपली. बंदूक खांद्याला लावता लावता ती गळून खळ्याच्या मातीत पडली. एक बाई ती शोधायला वाकली आणि म्हणाली, "अगे माय, नाकातली चमकी पडली आजोबाची!" लोक असे हसले की एका पाहुण्याच्या डोळ्यातून पाणी आलं.

"ही धरू का नको, काका? पडली ते पडली. दोन," पोलिस पाटील म्हणाला. "आता एकच."

तेवढ्यात साळा पुढं आला. हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं बोलला. "भाऊजी, थांबा. निपलवर एक फेरा सुताचा बारीक धागा घेऊ, मंग टोपी बसवू. चेपावं लागत नाही. मी करून देतो, कोणाले दिसणार नाही."

तो मला वाचवायला आला होता. एवढं साधं होतं ते. आणि मला वाटलं, याच्या धाग्यावर माझ्या बापाची बंदूक टिकणार असेल तर ती न टिकलेली बरी. दुसऱ्याच क्षणी वाटलं, नाही, बंदूक टिकली पाहिजे, आणि याची मस्तीही उतरली पाहिजे. मी शेवटची टोपी दाढेखाली घातली आणि करकचून चेपली. तोंडात तांब्याची चव आली. निपलवर दाबली. ती बसली, घट्ट.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो. "हे आमचे साळेबुवा. मोठे इंजिनेर. म्हणून राहिले का माही टोपी चुकली. या साळेबुवा, इकडं उभे राहा. या, उजव्या अंगाले. जवळ या, अजून. वाकून पाहा टोपी कशी फुटते ते."

तो जागचा हलला नाही. त्याला माहीत होतं उजव्या अंगाला काय आहे. कालच त्यानं मला सांगितलं होतं.

"भेव लागते का? मंग जा बहिणीच्या लुगड्यामागं. तिथंच त वाढलास."

लोक हसले. माझी बायको गर्दीच्या कडेला उभी होती, तिनं मान खाली घातली. ते त्यानं पाहिलं. तो आला आणि माझ्या उजव्या हाताशी उभा राहिला. त्याच्या अंगाला लेथच्या तेलाचा वास येत होता. मला त्याचा डोळा घ्यायचा नव्हता. मला वाटलं होतं गालाला चटका बसेल, तो ओरडेल, लोक माझ्याऐवजी त्याला हसतील. एवढंच माझं मागणं होतं.

मी घोडा ओढला.

बार असा निघाला की खळ्याच्या कडेच्या मोहावरची सगळी पाखरं उठली. धूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "वा रे बुढ्या!" आणि मी, खोटं लिहीत नाही, त्या क्षणी इतका सुखी होतो की लग्नातही नव्हतो.

धूर विरला तेव्हा तो मातीत बसलेला दिसला. दोन्ही तळहात उजव्या डोळ्यावर. बोटांच्या फटीतून रक्त फार येत नव्हतं, बारीक धारच होती. रक्तात पाण्यासारखं काहीतरी मिसळलेलं होतं. तो ओरडला नाही. नुसता "बाई, बाई" म्हणत राहिला. तो बहिणीला बाई म्हणायचा.

ती धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला म्हणाली, "पाहून त घ्या वो त्याच्याकडं!"

मी पोलिस पाटलाकडं पाहत होतो. मी म्हटलं, "बार निघाला का नाही? आधी ते सांग."

तिनं माझ्याकडं वर पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं मला शिव्या दिल्या होत्या, रडून दाखवलं होतं, दोनदा माहेरी निघून गेली होती. तसं पाहिलं मात्र कधी नव्हतं.

एका पाहुण्याच्या मोटारसायकलवर त्याला दोघांच्या मध्ये बसवून तुमसरला नेलं. तिथून जीपनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात. बायको त्याला मागून धरून सोबत गेली. मी गेलो नाही. मी म्हटलं, भरलेली दारू राहिली आहे, बंदूक अशी टाकून कसा येऊ. दारू राहिली नव्हती. बार निघाला होता.

दिवे लागायच्या वेळी पोलिस पाटलाच्या घरी फोन आला. त्यानं आधी स्वतः सगळं ऐकून घेतलं, मग मला बोलावलं. पलीकडून बायको होती.

"तांब्याचा तुकडा आत गेला. डोळा राहत नाही म्हणून राहिले डॉक्टर. उद्या सकाळी काढून राहिले."

"बरं," मी म्हटलं.

"तो डॉक्टरले म्हणाला का मीच जवळ गेलो होतो. भाऊजीचं नाव लिहू नका म्हणाला. ऐकलं का तुमी?"

"ऐकलं."

"सकाळच्या पहिल्या गाडीनं या. तो विचारून राहिला, भाऊजी आले का म्हणून. तुमी नुसतं येऊन उभे राहा. दुसरं काही नोको मले."

मी फोन ठेवला. पोलिस पाटील समोरच बसला होता. तो म्हणाला, "जाऊन या काका. दाखल्याचं पाहू मंग. आता मले कसं लिहावं तेच समजून नाही राहिलं. माणसाचा डोळा गेला, आणि लिहू का बंदूक चांगली हाय?"

त्या रात्री मी जेवलो. चूल पेटवली, भात टाकला, वरून मीठ-मिरची घेतली. कोणी असं म्हणू नये की त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, बंदूक फडक्यात गुंडाळली आणि पोलिस पाटलाच्या घरी गेलो. तो दात घासत होता. मी ओट्यावर बसलो आणि म्हटलं, "बार निघाला. पन्नास लोकायनं पाहिला. लिही."

"आणि डोळा, काका?"

"आदल्या दिवशी त्यानं मले न विचारता बंदूक काढली. निपलले माप लावलं, घोडा हलवला. त्याच्याच हातानं काही बिघडलं असन. आणि तो स्वतः म्हणते का मीच जवळ गेलो. फोन तुह्याच घरी आला, तुह्यासमोर."

पोलिस पाटील बराच वेळ चूळ भरत राहिला. मग त्यानं कागद काढला. बंदूक चालू स्थितीत आहे, असं लिहिलं. दुसऱ्या कागदावर साळ्याचं लिहिलं, मी सांगितलं तसं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, वाचता येते मले. दोन्ही कागद मी बोट ठेवून वाचले आणि पूर्ण नावानं सही केली.

परत येताना फाट्यावर भंडाऱ्याची गाडी उभी होती. कंडक्टर ओळखीचा होता, त्याला सगळं कळलं होतं. त्यानं दार उघडं धरलं. "या बाबाजी, दवाखान्यात ना? पुढची सीट खाली हाय."

मी म्हटलं, "बंदूक घेऊन कसा येऊ?"

"घरी ठेवून या. पाच मिनिटं थांबतो."

"नोको थांबू," मी म्हटलं आणि चालू लागलो.

घरी आलो, चुलीवर पाणी तापवलं आणि नळी धुवायला बसलो. बार काढल्यावर दुसऱ्या दिवशी नळी धुतली नाही तर ती आतून गंजते. तीन पाणी काळं निघालं. चौथं स्वच्छ आलं तेव्हा मी चिंधी गजाला गुंडाळली, नळी कोरडी केली आणि बंदूक खुंटीला लावली.